हॅना-बार्बेरा बघायला शिकताना: आधी डोळे मिटा

माझ्या भाच्यानं मागच्या सुट्टीत मोठ्या उत्साहानं 'द फ्लिंटस्टोन्स' हे अश्मयुगातल्या कुटुंबाचं जुनं कार्टून लावलं आणि बाराव्या मिनिटाला बंद केलं. "मामा, यात काही हलतच नाही रे. नुसती तोंडं हलतात." पोरगं खोटं बोलत नव्हतं. हॅना-बार्बेरा या अमेरिकन स्टुडिओच्या कार्टून्सकडे आज पहिल्यांदा वळणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. नाव ऐकलेलं असतं, योगी अस्वल आणि स्कूबी टी-शर्टवर भेटलेले असतात, पण प्रत्यक्ष बघायला बसलं की पाचव्या मिनिटाला हात फोनकडे जातो.

दोष कार्टूनचा नाही आणि भाच्याचाही नाही. ती बघायची रीत वेगळी आहे आणि ती कोणी सांगत नाही. शिवाय पसारा अफाट आहे. १९५७ साली सुरू झालेला हा स्टुडिओ २००१च्या सुमारास वॉर्नर ब्रदर्सच्या ॲनिमेशन विभागात विरघळला. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत उत्तम, बरं, टाकाऊ असं सगळंच त्यानं ढिगानं काढलं. कुठूनही सुरुवात केली तर टाकाऊ हाती लागण्याची शक्यता जास्त. म्हणून हा क्रम. मी स्वतः याच्या अगदी उलट्या क्रमानं बघितलं आणि पस्तावलो.

पायरी १: टॉम अँड जेरी या ढिगातून बाहेर काढा

पहिला गोंधळ इथेच होतो. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनीच टॉम अँड जेरी निर्माण केले, हे खरं. १९४० ते १९५८ या काळातली ११४ लघुचित्रं त्यांची आहेत आणि त्यांपैकी सातांना ऑस्कर मिळालं. पण ती एमजीएम या चित्रपट कंपनीत नोकरी करताना केलेली, थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायची कार्टून्स होती. 'हॅना-बार्बेरा' नावाचा स्टुडिओ तेव्हा जन्मालाच आला नव्हता.

आपल्याकडे हा गोंधळ जास्त, कारण १९९५ साली भारतात कार्टून नेटवर्क आलं आणि सगळं एकाच ताटात वाढलं गेलं. टॉम अँड जेरी, बग्ज बनी, पोपाय, स्कूबी, सगळेच आपल्या लेखी 'कार्टून नेटवर्कचे'. बग्ज बनी वॉर्नरचा. पोपायची मूळ कार्टून्स फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओतली. हॅना-बार्बेरानं १९७८मध्ये पोपायची नवी मालिका काढली, ती वेगळी. टॉम अँड जेरीमध्येही पुढे जीन डाइचनं प्रागमध्ये केलेली १३ आणि नंतर चक जोन्सची ३४ कार्टून्स आहेत, त्यांच्याशी या जोडीचा संबंध नाही. १९७५ साली मात्र हॅना-बार्बेरा स्टुडिओनं टीव्हीसाठी टॉम आणि जेरीला गळ्यात गळे घालून हिंडणारे दोस्त केलं. मारामारी बंद. ते बघू नका. म्हणजे बघा, पण उपाशीपोटी नको.

ओळखायचं कसं? शेवटची नामावली पुढे न ढकलता बघा. जुन्या मालिकांच्या शेवटच्या पाटीवर वर्ष रोमन आकड्यांत असतं. शाळेत शिकलेले रोमन आकडे आयुष्यात उपयोगी पडण्याची ही जवळपास एकमेव जागा. १९७९नंतरच्या कामावर काळ्या पार्श्वभूमीवर फिरत येणारा तारा दिसला की समजावं, हा स्टुडिओचा उत्तरकाळ. अपेक्षा जरा खाली आणावी.

पायरी २: एकाच बैठकीत दोन कार्टून्स

आधी 'द कॅट काँसर्टो' बघा. १९४६चं ऑस्कर मिळवणारं टॉम अँड जेरी. टॉम पियानोवर लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवतो आणि पियानोत झोपलेला जेरी वैतागतो. टॉमची बोटं, कोटाची शेपटी, मान, भुवया, सगळं जिवंत आहे. शब्द जवळजवळ नाहीत.

लगेच त्यापाठोपाठ १९५८च्या 'द हकलबेरी हाउंड शो'मधलं योगी बेअरचं 'पाय-पायरेट्स' लावा. योगी आणि त्याचा छोटा दोस्त बूबू खिडकीत ठेवलेला 'पाय' (फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) चोरू बघतात आणि कुत्रा आडवा येतो. माणसं तीच, हॅना आणि बार्बेरा. पण योगी बोलत असताना फक्त त्याचं तोंड हलतं. चालताना मागे तेच झाड तिसऱ्यांदा जातं.

मधे काय झालं, ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. १९५७ साली एमजीएमनं आपला ॲनिमेशन विभागच बंद केला. जुनीच कार्टून्स पुन्हा थिएटरात लावून जवळपास तेवढीच कमाई होत असेल तर नवी कशाला करायची, असा साधा हिशेब. वीस वर्षं एकत्र काम केलेले, चाळिशी ओलांडलेले दोघे रस्त्यावर आले. त्यांनी दिग्दर्शक जॉर्ज सिडनीला भागीदार घेतलं, कोलंबियाच्या स्क्रीन जेम्स या टीव्ही कंपनीचा आधार मिळवला आणि स्टुडिओ काढला. पाटीवर कोणाचं नाव आधी, ते नाणं उडवून ठरलं. डिसेंबर १९५७मध्ये 'रफ अँड रेडी' ही पहिली मालिका आली. पाच मिनिटांच्या एका भागाला मिळायचे तीन हजार डॉलरच्या आसपास. टॉम अँड जेरीच्या एका कार्टूनचा खर्च याच्या कितीतरी पट होता.

आता गणित करा, म्हणजे भाच्याच्या तक्रारीचं उत्तर मिळेल. फिल्म सेकंदाला २४ चौकटी पळते. सात मिनिटांचं कार्टून म्हणजे १०,०८० चौकटी. एक चित्र दोन चौकटी टिकवलं तरी एका पात्राची पाच हजारांवर चित्रं होतात, दोन पात्रांची दहा हजार. तीन हजार डॉलरांत हे होणं शक्यच नाही. मग करायचं काय? अंथरूण पाहून पाय पसरायचे. या दोघांनी अंथरुणाचं मापच विनोदाचा भाग करून टाकलं.

एमजीएममध्ये असताना ते प्रत्यक्ष ॲनिमेशन सुरू करण्याआधी मुख्य मुख्य पवित्र्यांचा एक कच्चा आराखडा फिल्मवर घेत. विनोद जमतोय का, एवढंच तपासायला. त्या कच्च्या आराखड्यावरही लोक हसतात, हे त्यांना ठाऊक होतं. टीव्हीवर त्यांनी जवळजवळ तो आराखडाच पक्का करून दिला. या पद्धतीला मर्यादित ॲनिमेशन म्हणतात. पात्राचं धड एका सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या तावावर, डोकं दुसऱ्यावर, तोंड तिसऱ्यावर. जे हलायला हवं तेवढंच नव्यानं काढायचं.

योगीच्या गळ्यात कॉलर आणि टाय का आहे, याचा विचार केलाय कधी? जंगलातल्या अस्वलाला टाय कशाला? कॉलर म्हणजे शिवण. तिच्या वरचं डोकं वेगळ्या सेलवर हलतं आणि जोड दिसत नाही. हकलबेरीचा बो टाय, फ्रेड फ्लिंटस्टोनचा टाय, सगळ्यांचं मूळ तिथेच आहे. हे एकदा कळलं की तुम्ही प्रत्येक पात्राच्या गळ्याकडे बघायला लागाल.

आणखी एक खूण सांगतो, पोरांना फार आवडते. मागच्या देखाव्यात जी वस्तू पुढच्या क्षणी हलणार आहे ती थोडी वेगळ्या रंगाची दिसते. कपाटातल्या सगळ्या पुस्तकांत एकच पुस्तक उजळ असेल तर गुप्त दरवाजा तिथेच. देखावा जलरंगात निवांत रंगवलेला असतो आणि हलणारी वस्तू सेलवर सपाट रंगात, म्हणून हा फरक. स्कूबीच्या भागांत ही पैज लावून बघावी.

पायरी ३: डोळे मिटा

या लेखातली हीच खरी पायरी. बाकीच्या विसरलात तरी चालेल.

योगीचाच आणखी एक भाग लावा आणि पहिली तीन मिनिटं डोळे मिटून ऐका. गोष्ट कळते? सगळी कळते. कोण धूर्त, कोण भित्रा, कोण वैतागलाय, कधी पळाला, कशावर आपटला. आता हाच प्रयोग 'द कॅट काँसर्टो'वर करा. पियानो सुंदर ऐकू येईल, पण गोष्ट कळणार नाही. फरक इथे आहे. चक जोन्स या प्रकाराला कुत्सितपणे 'सचित्र रेडिओ' म्हणत असे. त्यानं दिलेली ही शिवी मला फार अचूक वर्णन वाटते. आकाशवाणीवर नभोनाट्य ऐकत वाढलेल्या घरांना त्यात कमीपणा वाटायचं कारणच नाही. आमच्या घरी आई स्वयंपाकघरातून, टीव्हीकडे पाठ असताना सांगायची, "तुमचा दगडवाला आला बघा." पडदा न बघता तिला फ्रेड कळायचा.

त्यामुळे नावं शिकायची तर आधी आवाजाची माणसं शिका. डॉज बटलर: योगी, हकलबेरी, क्विक ड्रॉ मॅग्रॉ, मिस्टर जिंक्स, स्नॅगलपस. एकाच गळ्यातून इतकी माणसं निघतात की दोन पात्रांच्या भांडणात बटलर स्वतःशीच भांडतोय हे विसरायला होतं. डॉन मेसिक: बूबू, रेंजर स्मिथ, 'द जेटसन्स' या मालिकेतला कुत्रा ॲस्ट्रो आणि पुढे स्कूबी-डू. म्हणजे योगी आणि बूबूच्या सगळ्या गप्पा या दोन माणसांच्या. मेल ब्लँक, जो वॉर्नरकडे बग्ज बनी होता, तो इथे फ्रेडचा शेजारी बार्नी रबल आणि पाळीव डायनोसॉर डिनो. जीन व्हँडर पिल ही फ्रेडची बायको विल्मा, आणि जेटसन्समधली यंत्रमोलकरीण रोझीही.

मेल ब्लँकची एक हकिगत सांगायलाच हवी. जानेवारी १९६१मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या गाडीला भीषण अपघात झाला. काही भागांत डॉज बटलरनं बार्नी निभावून नेला. पण नंतर सगळी मंडळी ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन ब्लँकच्याच घरी गेली आणि प्लास्टरमध्ये जखडलेल्या ब्लँकनं अंथरुणात पडल्यापडल्या बार्नीचं खदखदणारं हसू दिलं. फ्लिंटस्टोन्सच्या दुसऱ्या मोसमाच्या सुरुवातीच्या काही भागांत बार्नीचा आवाज मधेच बदलल्यासारखा वाटला तर कारण हे.

आवाजाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे ध्वनिपरिणाम. पात्र पळायच्या आधी हवेतच पाय फिरवतं तेव्हा वाजणारे बोंगो. आदळणं, घसरणं, डोळे मिचकावणं, प्रत्येकाला ठरलेला आवाज. हा आवाजांचा साठा पुढे इतर स्टुडिओंनीही वापरला, त्यामुळे तुम्ही तो न कळत शंभर ठिकाणी ऐकलेला आहे. संगीत होयट कर्टिनचं. फ्लिंटस्टोन्स, जेटसन्स, जॉनी क्वेस्ट, तिन्हींची शीर्षकधून त्याची. जॉनी क्वेस्टची धून मोठ्या आवाजात ऐकावी. पितळी वाद्यांनी खोली दणाणते.

हा सराव झाला की हकलबेरी हाउंडचे पाच-सहा भाग बघून टाका. निळा कुत्रा, अमेरिकेच्या दक्षिणेकडची ठाय लयीतली बोली, 'क्लेमेंटाइन' गाणं बेसूर गुणगुणत संकटात चालत जाणारा. आपटला, भाजला, तरी तक्रार नाही. १९६०मध्ये या कार्यक्रमाला एमी पुरस्कार मिळाला. तोपर्यंत एकाही ॲनिमेटेड मालिकेला तो मिळाला नव्हता.

पायरी ४: आता फ्लिंटस्टोन्स, पण सगळे नाही

एकूण १६६ भाग. पंचवीस मिनिटांचा एक धरला तरी ६९ तास होतात. एवढे कोणी बघू नयेत, मी बघितले आहेत.

आधी एक गैरसमज दूर करा. हे लहान मुलांचं कार्टून म्हणून निघालंच नव्हतं. ३० सप्टेंबर १९६०ला एबीसी वाहिनीवर शुक्रवारी रात्री साडेआठला ते सुरू झालं. मोठी माणसं जेवून बसतात ती वेळ. सुरुवातीच्या प्रायोजकांत विन्स्टन सिगारेट होती आणि फ्रेड आणि बार्नी चक्क घराच्या मागे उभे राहून जाहिरातीत सिगारेट ओढत. घडीभर धक्का बसतो, पण मालिका कोणासाठी होती ते यावरून पक्कं कळतं. म्हणून विनोदही हप्ते, साहेब, शेजाऱ्याकडची नवी वस्तू, बायकोपासून लपवलेली बोलिंगची संध्याकाळ असाच आहे. 'द हनीमूनर्स' या त्या काळच्या लोकप्रिय विनोदी मालिकेची सावली त्यावर उघड आहे.

पहिला प्रसारित भाग 'द फ्लिंटस्टोन फ्लायर' यापासून सुरुवात करा. बायकांना ऑपेराला जायचंय, फ्रेडला बोलिंगला. फ्रेड आजारपणाचं सोंग घेतो. ही गोष्ट गिरगावातल्या चाळीत घडवली तरी एक शब्द बदलावा लागणार नाही. मग पहिल्या दोन मोसमांतले पंधरा-वीस भाग, कुठलेही. इथे एक मेख आहे: आपल्याला तोंडपाठ असलेलं 'फ्लिंटस्टोन्स, मीट द फ्लिंटस्टोन्स' हे शीर्षकगीत तिसऱ्या मोसमात आलं. सुरुवातीच्या भागांना मूळ धून वेगळी होती. नंतरच्या काही प्रक्षेपणांत जुन्या भागांनाही नवं गाणं चिकटवलं गेलं, त्यामुळे गाण्यावरून मोसम ओळखायला जाऊ नका.

बघताना उपकरणांकडे लक्ष असू द्या. हत्तीच्या सोंडेचा व्हॅक्यूम क्लीनर, चोचीनं तबकडी वाजवणारा पक्षी. यांतलं एखादं जनावर अधूनमधून प्रेक्षकांकडे वळून पोटासाठी करावं लागतं अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतं. मला फ्रेडपेक्षा ही जनावरं जवळची वाटतात.

तिसऱ्या मोसमातला फ्रेडच्या मुलीच्या, पेबल्सच्या, जन्माचा भाग, 'द ब्लेस्ड इव्हेंट', २२ फेब्रुवारी १९६३चा, चुकवू नका. त्याच्या पुढच्या मोसमात बार्नी आणि त्याची बायको बेटी यांना मूल होत नाही म्हणून ते दोघे झुरतात आणि त्यांच्या दारात बॅम-बॅम येतो. मूल दत्तक घेण्याची गोष्ट, १९६३ साली, कार्टूनमध्ये. त्यात हसवाहसवी आहेच, पण बेटीच्या चेहऱ्यावरच्या दोन-तीन साध्या रेषांत जे दिसतं त्याला दहा हजार चित्रं लागत नाहीत.

सहाव्या मोसमात गझू नावाचा हिरवा परग्रहवासी येतो. तो आला की तुम्ही निघा.

पायरी ५: जेटसन्स आणि टॉप कॅट, चवीपुरते

'द जेटसन्स' (१९६२) म्हणजे फ्लिंटस्टोन्स उलटे घातलेले. काळ शंभर वर्षं पुढचा. पहिल्या हंगामात फक्त २४ भाग झाले आणि मालिका बंद पडली. पण तेच २४ भाग शनिवारी सकाळी वर्षानुवर्षं फिरत राहिले. १९८५मध्ये नवे भाग काढले, ते वेगळे ठेवा. पडद्यावर बघून बोलण्याचा फोन, घर झाडणारी यंत्रं, भिंतीवरचा चपटा टीव्ही हे सगळं आज घरात आहे. जॉर्ज जेटसनची बटण दाबून बोट दुखतं ही तक्रारही आता थट्टेची राहिलेली नाही. 'रोझी द रोबो' या पहिल्या भागापासून तीन-चार बघितले की पुरे.

'टॉप कॅट' (१९६१) ३० भागांचं. गल्लीतल्या मांजरांची टोळी, कचऱ्याच्या डब्यात मुक्काम, पोलिसांचाच फोन वापरून उचापती. संवाद इतके भरभर आहेत की इंग्रजी उपशीर्षकं लावून बघा. मला हे फ्लिंटस्टोन्सपेक्षा सरस वाटतं. वाद घालायला तयार आहे.

पायरी ६: जॉनी क्वेस्ट आणि आपला हाजी

सप्टेंबर १९६४. २६ भाग. इथे स्टुडिओ अचानक वेगळाच दिसतो. डग वाइल्डी हा कॉमिक्सचा चित्रकार आणून त्यानं साहसकथा केली: खरीखुरी शरीरं, काळ्या सावल्या, बंदुका, मरणारी माणसं. वाचवलेला पैसा कुठे ओतला ते दिसतं आणि तरी तो पुरला नाही. खर्चीक म्हणून मालिका एका मोसमात थांबली.

'द रोबो स्पाय' आधी बघा. एक डोळा आणि कोळ्यासारखे पाय असलेलं काळं यंत्र रात्री तळावर हिंडतं. त्या डोळ्यानं माझी एक आख्खी मे महिन्याची सुट्टी खराब केली होती.

मग 'कलकत्ता ॲडव्हेंचर'. जॉनी या शास्त्रज्ञाच्या मुलाला हाजी कसा भेटला याची गोष्ट. फेटा, त्यावर रत्न, मंत्र मारून दोर उभा करणारा अनाथ पोरगा, आणि तोंडी 'सिम सिम सलाबिम'. हा मंत्र भारतातल्या कुठल्याही भाषेतला नाही. हाजी म्हणजे हज करून आलेला माणूस, त्याचं नाव अकरा वर्षांच्या मुलाला कसं मिळालं, हे लिहिणाऱ्यांनी स्वतःलाही विचारलेलं दिसत नाही. जत्रेतल्या जादूगारावरून अख्खा देश रंगवलाय. चिडचिड होते आणि व्हावी. पण हेही बघा की १९६४च्या अमेरिकन टीव्हीवर हा मुलगा नोकर नाही, विदूषक नाही. तो घरातला दुसरा मुलगा आहे आणि अनेकदा जॉनीला वाचवणारा तोच असतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मुलांबरोबर बघत असाल तर हा भाग एकट्यानं बघू देऊ नका, शेजारी बसा.

जॉनी क्वेस्टनंतरच्या सुपरहिरोंच्या फळीतला 'स्पेस घोस्ट' (१९६६) अलेक्स टॉथच्या रेखाटनांसाठी एकदा चाळावा.

पायरी ७: स्कूबी-डू, पैज लावून

१९६८च्या सुमारास मुलांच्या टीव्हीवरच्या मारामारीविरुद्ध अमेरिकेत पालकांनी आवाज उठवला. सुपरहिरो मागे पडले. सीबीएस वाहिनीच्या फ्रेड सिल्व्हरमनला भुतं हवी होती, पण घाबरवणारी नको होती. जो रुबी आणि केन स्पिअर्स यांनी लिहिलं, इवाओ ताकामोतो यांनी चित्रं केली. आधीचा आराखडा फार भीतिदायक म्हणून नाकारला गेला, मग सिल्व्हरमननं कुत्र्यालाच पुढे आणलं. त्याचं नाव त्याला सिनात्राच्या एका गाण्याच्या शेवटच्या 'डूबी-डूबी-डू'वरून सुचलं. १३ सप्टेंबर १९६९ला 'व्हॉट अ नाइट फॉर अ नाइट' हा पहिला भाग आला.

मूळ 'स्कूबी-डू, व्हेअर आर यू!'चे २५ भाग आहेत. दहा बघा. गोष्ट दर वेळी तीच: भूत, पळापळ, सापळा, मुखवटा ओढला की आत कोणीतरी जमिनीवर नाहीतर दागिन्यांवर डोळा ठेवून बसलेला सद्गृहस्थ. एकही भूत खरं नाही. आपल्या अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी शाळाशाळांत दाखवावी अशी मालिका. घरी दोन गट करा. एकानं गुन्हेगार ओळखायचा, दुसऱ्यानं हलणारी वस्तू. आमच्याकडे दुसरा गट नेहमी जिंकतो.

१९७९मध्ये स्क्रॅपी-डू नावाचं पिल्लू आलं. त्याच्याबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही. पुढे १९८५च्या मालिकेत भुतंही खरी निघाली, म्हणजे मूळ मुद्दाच गेला.

पायरी ८: सत्तरीतून भराभर बाहेर पडा

स्कूबी चालला म्हटल्यावर स्टुडिओनं स्कूबीच पुन्हा पुन्हा काढला. चार पोरं आणि बोलणारा शार्क, तीन पोरं आणि भूत, तीन पोरं आणि बोलणारी मोटार. शार्कवाल्याचं नाव 'जॅबरजॉ', मोटारीचं 'स्पीड बगी'. प्रत्येकाचा एकेक भाग कुतूहल म्हणून ठीक. त्याऐवजी थोडं मागे जाऊन १९६८चं 'वॅकी रेसेस' बघा. अकरा गाड्या, १७ भागांत ३४ शर्यती, आणि डिक डास्टर्डली एकही जिंकत नाही. थांबून खड्डा खणला नसता तर तोच पहिला आला असता, हे दर वेळी दिसतं. १९७३चा 'शार्लट्स वेब' हा पूर्ण लांबीचा चित्रपटही या स्टुडिओचा आहे, तो मात्र शांतपणे बघा.

पायरी ९: शेवटची वर्षं, आपल्या पिढीची

ऐंशीच्या दशकात 'द स्मर्फ्स' (१९८१ ते १९८९). मूळ निळी माणसं बेल्जियमच्या पेयोची. गोड आहे, जरा जास्तच.

१९९१ साली टेड टर्नरच्या कंपनीनं स्टुडिओ विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी या साठ्याच्या जोरावर अमेरिकेत कार्टून नेटवर्क सुरू केलं. त्या वाहिनीच्या वाटेनं ही सगळी मंडळी आपल्या घरात आली. १९९३ ते १९९५मधलं 'स्वॉट कॅट्स' अमेरिकेत दोन मोसमांत आटोपलं, पण आपल्याकडे विचारा कोणालाही पस्तिशी-चाळिशीच्या माणसाला. टी-बोन, रेझर, भंगाराच्या आवारातलं गॅरेज आणि खाली लपवलेलं टर्बोकॅट विमान. हे मात्र डोळे उघडे ठेवून बघायचं. पुढे 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी', 'जॉनी ब्राव्हो', 'काऊ अँड चिकन' याच छपराखाली सुरू झाले. त्यांच्या जाड रेषा, सपाट रंग आणि आवाजावर चालणारा विनोद बघितला की १९५८चा योगी आठवतो. भाच्याला मी आता उलटं नेतोय: आधी डेक्स्टर, मग हकलबेरी. तो थांबतोय तरी.

किती, कोणाबरोबर, कोणत्या भाषेत

दिवसाला एकच अर्धा तास. ही कार्टून्स आठवड्याला एक भाग या बेतानं लिहिलेली आहेत. सलग बघितली की तेच झाड, तोच दिवा, तेच मागचं रेकॉर्ड केलेलं हसू डोक्यात जातं. सहा वर्षांखालच्या मुलांना योगी आणि हकलबेरी द्या, आठच्या पुढे स्कूबी, फ्लिंटस्टोन्स दहाच्या पुढे.

हिंदी आवाजातली आवृत्ती मिळाली तर मुलांसाठी खुशाल लावा, त्यांतली काही कामं झकास आहेत. पण तिसऱ्या पायरीचा प्रयोग मूळ आवाजावरच करा, कारण बटलर आणि मेसिक तिथेच आहेत. इंग्रजी उच्चार अवघड गेले तर पहिल्या वेळी उपशीर्षकं लावून बघायचं आणि दुसऱ्या वेळी बंद करून, नुसतं ऐकायचं. भाजी निवडताना छान ऐकून होतं.